दोष की गुण : एका हॉपवेलीचा इतिहास

अभिरुचीचा इतिहास आपण बहुधा ग्रंथांच्या आधारे मांडतो. एका पिढीने बाजूला सारलेली कादंबरी पुढची पिढी डोक्यावर घेते आणि मधल्या काळात संहितेतले एक अक्षरही बदललेले नसते. हाच प्रश्न वाङ्मयाबाहेर तपासून पाहायचा, तर 'ब्रॅम्लिंग क्रॉस' या काहीशा अप्रसिद्ध इंग्लिश हॉपची कथा उद्बोधक आहे.

हॉपच्या मादी वेलीला शंकूसारखी फुले येतात. त्यांतल्या पिवळ्या, राळेसारख्या भुकटीतून बिअरला कडवटपणा, गंध आणि टिकाऊपणा लाभतो. इंग्लंडात हे पेय फ्लँडर्स परिसरातून आले, तेव्हा हॉप घातलेली ती 'बिअर' आणि हॉपविरहित जुनी देशी ती 'एल' असा स्पष्ट भेद होता. पुढे तो पुसला गेला आणि हॉपच्याच जोरावर उभ्या राहिलेल्या फिकट पेयाला 'पेल एल' हे नाव मिळाले. शब्द टिकला, वस्तू बदलली. केंट परगण्यातील हॉपचे मळे तर इंग्रजी साहित्यातही शिरले. १९३१ साली जॉर्ज ऑर्वेल तेथे हॉप खुडायला गेला होता आणि तो अनुभव त्याने 'अ क्लर्जीमन्स डॉटर' (१९३५) या कादंबरीत वापरला.

'गोल्डिंग' आणि 'फगल' या तिथल्या प्रतिष्ठित जाती. त्यांचा गंध सौम्य, मातकट, किंचित फुलांचा. अमेरिकी हॉपमध्ये राळ अधिक असे, पण त्याचा उग्र वास इंग्रज उत्पादकांना खपत नसे. केंटमधील वाय कॉलेजात प्राध्यापक ई. एस. सॅमन यांनी या दोहोंचा मेळ घालण्याचा ध्यास घेतला. कॅनडातील मॅनिटोबाहून आलेली एक रानवेल त्यांच्या हाती होती. तिच्या वंशातील नराशी 'ब्रॅम्लिंग' या गोल्डिंग कुळातील वेलीचा संकर त्यांनी १९२७ साली केला. तीच ब्रॅम्लिंग क्रॉस. तिच्या गंधात ब्लॅककरंटची छटा उतरली आणि तीच तिला भोवली. 'अमेरिकी वास' हा त्या काळी निव्वळ वर्णनपर शब्द नव्हता, तो निवाडा होता. वेल दीर्घकाळ उपेक्षित राहिली.

या निवाड्यामागे बाजारही होता. मोठ्या कारखान्याला हजारो ग्राहकांची सवय सांभाळावी लागते; घरी बिअर करणाऱ्याला ते बंधन नसते. मात्र ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्यानंतर घरगुती बिअरलाही परवाना लागे. ती अट १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी उठवली. विक्रीवरील निर्बंध तेवढे राहिले. आता कोणीही स्वयंपाकघरात वीस-बावीस लिटरचा प्रयोग करू शकत होता. मोड आणून वाळवलेले फिकट जव भरडून सुमारे ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवायचे, गाळलेला गोड काढा तासभर उकळायचा, थंड करून यीस्टने आंबवायचा. उकळीच्या आरंभी घातलेला हॉप कडवटपणा देतो; अखेरच्या दहा मिनिटांत घातलेला गंध राखतो. ब्रॅम्लिंग क्रॉस अखेरीस घातली, की जो वास पूर्वी लपवावासा वाटे तोच पेयाची ओळख होतो. पेल एलच्या साध्या, फिकट पार्श्वभूमीवर तो लपतही नाही.

पुढचा योगायोग अधिक बोलका आहे. १९७२ साली अमेरिकेत 'कॅस्केड' हा हॉप आला. त्याच्या पूर्वजांत इंग्लिश फगल होता, आणि त्याच्या फळासारख्या गंधाने अमेरिकी पेल एलला नवी ओळख दिली. ही चव जगभर रुजली, तशी इंग्लंडातही ब्रॅम्लिंग क्रॉसला नव्याने मागणी आली. ज्या वाय कॉलेजात ती जन्मली ते २००९ साली बंद झाले. वेल मात्र आजही लावली जाते.

वेलीत या काळात काहीच बदलले नव्हते. तिला दोष देणाऱ्यांची नाकेही अधू नव्हती. ब्लॅककरंटचा वास त्यांनी अचूक ओळखला होता. चुकला असेल तर तो त्यांचा एवढाच समज, की आपली सवय म्हणजेच निकष. समीक्षेच्या वर्गात हे उदाहरण परके वाटू नये.