एका आसनाची फाळणी

घरी खेळांसाठी संगणक बांधणारा माणूस आधी प्रोसेसर ठरवतो आणि मग त्याला चालणारा मदरबोर्ड शोधतो. एकेकाळी हा क्रम सक्तीचा नव्हता, हे आता आम्हांलाही मुद्दाम आठवावे लागते.

नव्वदीच्या मध्यास 'सॉकेट ७' हे सामाईक आसन होते. त्यावर इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के५ आणि नंतर के६ बसे, सायरिक्सचा ६एक्स८६ही बसे. कचेरीच्या कामात सायरिक्स पेंटियमच्या तोडीचा, शिवाय स्वस्त. १९९६ साली 'क्वेक' आला आणि चित्र पालटले. पेंटियमचे अपूर्णांकांचे एकक भागाकारात गुंतलेले असताना पूर्णांकांची कामे शेजारी उरकून घ्यायची, अशी रचना मायकेल अ‍ॅब्रॅश यांनी त्या खेळात साधली होती. सायरिक्सचे अपूर्णांकांचे गणित मंद. तो इथे उघडा पडला. घरगुती ग्राहक खेळावरून प्रोसेसर जोखू लागला तो, आमच्या मते, तेव्हापासून.

मे १९९७मध्ये पेंटियम २ आला तो 'स्लॉट १' घेऊन. हे आसन एएमडीला खुले नव्हते. कॅशच्या चिपा प्रोसेसरशेजारी बसवण्यासाठी स्लॉट हवा, हे तांत्रिक कारण खरेच होते. पण पुढे कॅश प्रोसेसरच्या पोटात गेली, स्लॉट गेला, तरी सामाईक आसन परतले नाही. १९९९च्या अ‍ॅथलॉनसाठी एएमडीने 'स्लॉट ए' काढला. जोडणीचा सांगाडा तोच, फक्त उलटा फिरवलेला, आणि विजेच्या दृष्टीने सर्वस्वी परका! फाळणीचे याहून बोलके चित्र आम्हांस ठाऊक नाही.

पुढे एकाच कंपनीच्या घरातही भिंती उठल्या. इंटेलच्या २०१५च्या सॉकेटात ११५१ संपर्कबिंदू होते. २०१७च्या प्रोसेसरांनाही तितकेच, तरी जुना बोर्ड त्यांना अधिकृतपणे चालेना. वीजपुरवठ्याचे कारण पुढे झाले. काही हौशी मंडळींनी मात्र बायोसात फेरफार करून ते चालवून दाखवले.

म्हणून आम्ही आधी बोर्ड पाहतो. एएमडीच्या 'एएम४'वर २०१७ साली पहिला रायझन बसवणाऱ्यांपैकी अनेकांना त्याच बोर्डावर २०२२चा ५८००एक्स३डी लावता आला, आणि ९६ मेगाबाइट एल३ कॅशमुळे खेळांत तो अनेक नव्या प्रोसेसरांना भारी पडला. मात्र बायोसची नवी आवृत्ती जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच चढवून घ्यावी. नंतर आठवले, तर तोच पुन्हा बसवावा लागतो.