लाजेनें झांकलेली व्याधि

मुलांच्या अंडकोशांतील शिरा फुगण्याची व्याधि आजची नव्हे. सुश्रुतानें वृद्धिरोगाचे सात प्रकार सांगितले. त्यांतील रक्तज वृद्धीस जळवा लावीत. इसवीच्या पहिल्या शतकांत रोमच्या सेल्ससनें नेमकें टिपलें कीं, शिरा फुगल्या म्हणजे पोषण खुंटून त्या बाजूचें अंड लहान होतें. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेस काटकोनांत मिळते, म्हणून विकार बहुधा डावीकडे होतो. तो दहा वर्षांच्या आंत विरळा. वयांत येतांना मात्र शंभरांत सुमारें पंधरा मुलांस होतो.

१९१८ सालीं इव्हानिसेव्हिचनें शीर वर बांधण्याची रीति काढली. १९५२ त एडिंबरोच्या टलकनें शस्त्रक्रियेनंतर अपत्यप्राप्ति झाल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें वैद्यांचें लक्ष मुलांकडे वळलें.

अर्धापूर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होतें. तेथील वैद्यकीय शाळा १८४६ त निघाली, ती दूर हैदराबादेस. जवळच्या नांदेडास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८८ त आलें. अंतर सरलें, लाज उरली. बहुधा दुखत नाहीं, म्हणून मुलगा सांगत नाहीं आणि बाप विचारीत नाहीं. शस्त्र सर्वांसच लागत नाहीं. पुष्कळांस वर्षाकाठीं वाढ तपासणें पुरतें. त्यासाठीं घरांत एकदां बोललें पाहिजे.