नाट्याद्वारे स्वच्छताशिक्षण

शाळकरी मुलांना हात धुण्याची व एकूण स्वच्छतेची सवय लावण्यासाठी नाटिका, भारूड, पथनाट्य इ. प्रयोगरूपांचा केलेला उपयोग. हात व रोग यांचा संबंध वैद्यकालाही उशिरा उमगला. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस याने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्यास लावले, तेव्हा मातांचे मृत्यू झपाट्याने घटले; तथापि अनेक समव्यावसायिकांना ते पटले नाही. पुढे जंतुसिद्धांत मान्य झाला, तरी अडचण उरलीच : मळ दिसतो, जंतू दिसत नाहीत. न दिसणारे डोळ्यांपुढे उभे करणे हे नाट्याचे कामच असल्याने या शिक्षणात त्याचा शिरकाव झाला.

मराठवाड्यात सोंगांतून लोकशिक्षण करण्याची परंपरा जुनी आहे. पैठणचे संत एकनाथ (१५३३–९९) यांनी भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशी लोकांच्या ओळखीची पात्रे आणली. शेजारच्या जालना जिल्ह्यातील धावडा (ता. भोकरदन) यांसारख्या गावांतील मुलांना भारूड व कीर्तन हे प्रकार त्यामुळे परके नाहीत. मात्र स्वच्छतेलाच प्रयोगाचे रूप देण्याचे श्रेय मुख्यत्वे गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) द्यावे लागते. अमरावती जिल्ह्यातील परीट कुटुंबात जन्मलेले महाराज १९०५ मध्ये घर सोडून निघाले. गावात येताच ते खराटा हाती घेऊन रस्ते व गटारे झाडू लागत. रात्री कीर्तन होई. दिवसाचे झाडणे हाच जणू त्या कीर्तनाचा पूर्वरंग असे. उत्तररंगात ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. श्रोता केवळ ऐकणारा राहत नसे. तो प्रयोगातील पात्र होई. हात धुणे हा या कीर्तनांचा स्वतंत्र विषय नव्हता. शालेय नाटिकांनी त्यांच्यापासून घेण्यासारखी आहे ती ही पद्धती, आणि ती नेमकी फार थोड्या नाटिकांनी घेतली आहे.

स्वच्छतेच्या उपदेशाला महाराष्ट्रात दुसरीही एक बाजू आहे. हात धुण्यास पाणी लागते आणि ते सर्वांना खुले नव्हते. बाबासाहेब आंबेडकरांना शालेय वयात नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. २० मार्च १९२७ रोजी महाड येथील चवदार तळ्याचे पाणी घेऊन त्यांनी जो हक्क बजावला, त्याचा विचार केल्यावाचून या विषयाचा इतिहास पुरा होत नाही. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी शिक्षण व स्वाभिमानाची शिकवण गावोगाव नेली.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाचा गीत व नाटक विभाग (स्थापना १९५४) आणि निरनिराळी कलापथके यांनी आरोग्यविषयक कार्यक्रम केले. त्यांतील बराच भाग घोषणांचा असे. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९ मध्ये बालरंगभूमीला नवे वळण दिले, पण तो प्रवाह मुख्यतः शहरी राहिला.

हात धुण्याचा प्रश्न शाळेत प्रत्यक्ष उभा राहिला तो मध्यान्ह भोजनामुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शिजविलेले अन्न शाळेतच देण्याची व्यवस्था देशभर रूढ होत गेली आणि मुले एकाच वेळी जेवावयास बसू लागली. महाराष्ट्रात २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालेले होते. २००८ पासून १५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुवा दिन म्हणून पाळला जातो. शालेय नाटिकांस सोयीची युक्ती अशी : एका मुलाच्या तळहातास रांगोळीचा रंग लावावयाचा. तो मुलगा हस्तांदोलन करतो, पुस्तक उचलतो, भाकरी मोडतो. पाहता पाहता रंग सर्वांच्या हातांवर व शेवटी घासावर दिसू लागतो. लांबलचक संवादापेक्षा हा मूक प्रसंग अधिक समजावतो. तळवा, हाताची मागची बाजू, मूठ, अंगठा, नखे व मनगट हा धुण्याचा क्रम ‘सुमन-के’ या हिंदी आद्याक्षरी संज्ञेने लक्षात ठेवतात.

अशा प्रयत्नांचे मोजमाप क्वचितच झाले आहे. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात १४ खेड्यांत झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंतूंचा वा रोगाचा धाक मुद्दाम टाळून किळस व वात्सल्य या भावनांवर नाटुकली व चित्रफीत रचली होती. सहा महिन्यांनी, मोक्याच्या वेळी साबणाने हात धुण्याचे प्रमाण त्या खेड्यांत ३७ टक्के, तर मोहीम न झालेल्या खेड्यांत ६ टक्के आढळले. ३७ टक्के म्हणजे निम्म्याहूनही कमी, हेही नोंदले पाहिजे. शाळांमध्ये हात धुण्यास उत्तेजन दिल्याने अतिसार सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे.

जालना जिल्ह्यात मात्र अडसर बहुधा माहितीचा नसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यास टँकरच्या पाण्यावर विसंबावे लागले. अशा वर्षी पिण्यास राखलेले पाणी हातावर ओतावयास सांगणारी नाटिका मुलांनाच खोटी वाटेल. झिंबाब्वेमध्ये १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आलेला, पायाने दोरी दाबली की कलंडणारा टांगता डबा येथे उपयोगी पडतो. त्यातून पाण्याची बारीक धार पडते, तोटीला हात लावावा लागत नाही, आणि रंगमंचावर टांगलेला डबा प्रयोग संपल्यावर शाळेच्या आवारात तसाच ठेवता येतो.