शाळामास्तरांचे संशोधन

संशोधन म्हटले की मोठी इमारत, भरलेले ग्रंथालय, यंत्रसामग्रीने सज्ज प्रयोगशाळा आणि शिकवण्याच्या कटकटीतून मोकळे झालेले विद्वान असे चित्र आपल्या मनात उभे राहते. शाळेतला मास्तर या चित्रात कोठेच नसतो. दुसऱ्यांनी शोधलेले ज्ञान मुलांच्या ओंजळीत घालणे एवढेच त्याचे काम, अशी आपली समजूत असते. महाराष्ट्रातील गणित आणि ज्योतिष यांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. आज आपल्यापुढे मी हा इतिहास चार शिक्षकांच्या आधाराने थोडक्यात मांडणार आहे.

आरंभ केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापासून करावा लागतो. केरूनानांचा जन्म अलिबागेजवळच्या नागावचा. इंग्रजी शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या नजरेस पडले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांना कुलाब्याच्या वेधशाळेत काम मिळाले. हवेचा दाब, उष्णमान, लोहचुंबकाच्या सुईची हालचाल यांची ठरलेल्या वेळी नोंद करायची, असे ते काम. काम कंटाळवाणे खरे. पण निसर्गाचे म्हणणे आकड्यांत कसे पकडावे हे केरूनाना तेथेच शिकले. पुढे पुण्यास येऊन त्यांनी सारे आयुष्य अध्यापनात घालवले. डेक्कन कॉलेजात ते गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. बळवंतराव टिळक हे त्यांचे आवडते विद्यार्थी होते.

त्या काळी आपल्याकडची पंचांगे मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत. हा ग्रंथ शके १४४२ मधला, म्हणजे इ. स. १५२० चा. त्याचे गणित फार सुटसुटीत. पण रोज काही पळे मागे पडणारे घड्याळ वर्षभरात जसे निरुपयोगी होते, तसे ग्रहगतीतील सूक्ष्म चूक तीनशे-साडेतीनशे वर्षांत साचत जाऊन डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी होते. ग्रह पंचांगात एके ठिकाणी आणि आकाशात दुसरीकडे, अशी स्थिती आली होती. केरूनानांनी युरोपीय ज्योतिषांच्या नव्या मानांवरून ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ तयार केली व इ. स. १८६० मध्ये ती मराठीत छापली. आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांवरून पटवर्धनी पंचांग निघू लागले. नव्या पंचांगात संक्रांत आणि अधिक महिने वेगळे पडू लागताच वादाला तोंड फुटले. शास्त्रातला वाद घरच्या देवघरापर्यंत पोचला, की तो नुसता आकड्यांचा राहत नाही! बहुजनसमाजाने जुने पंचांग सोडले नाही. परंतु पंचांग आकाशाशी ताडून पाहिले पाहिजे हा प्रश्न त्या कोष्टकांनी कायमचा उभा केला.

हा प्रश्न ज्यांनी मुळापासून हाती घेतला ते शंकर बाळकृष्ण दीक्षित. दापोलीजवळच्या मुरूड गावी इ. स. १८५३ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. बदली होईल त्या गावी शिकवावे आणि उरलेल्या वेळात पोथ्या वाचाव्यात, गणित करावे, असा त्यांचा क्रम. वेदांगज्योतिषापासून आपल्या काळापर्यंतचे ग्रंथकार, त्यांची मते आणि पंचांगांचे प्रकार यांची छाननी करून त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ सिद्ध केला. तो इ. स. १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयावर काम करणाऱ्याला आजही तो डावलून पुढे जाता येत नाही. पुढे त्याची हिंदीत आणि इंग्रजीत भाषांतरे झाली. म्हणजे मराठीत लिहिलेला शास्त्रीय ग्रंथ जगाला आपल्याकडे ओढून घेऊ शकतो, हे एका शाळामास्तराने सिद्ध केले.

दीक्षितांच्या कामाची तऱ्हा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गुप्त राजांच्या लेखांत वर्षे दिलेली असतात, पण ती कोणत्या सनापासून मोजायची याबद्दल पंडितांत तीव्र मतभेद होते. कोणी गुप्तकालाचा आरंभ इ. स. ७७ च्या सुमारास धरी, कोणी १६६, कोणी १९०. अल्बेरूनीच्या लिहिण्यावरून मात्र तो ३१९ च्या सुमारास येई. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभलेख आहे. त्यात गुप्तवर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. साऱ्या वादाची किल्ली त्या एका ‘गुरुवार’ शब्दात! आरंभाचे वर्ष चुकीचे धरले तर तिथी आणि वार यांचा मेळ बसत नाही. डॉ. फ्लीट यांच्यासाठी दीक्षितांनी गणित केले तेव्हा तिथी पडली २१ जून ४८४, आणि तो दिवस गुरुवार होता. फ्लीट यांनी आपल्या इ. स. १८८८ च्या ग्रंथात दीक्षितांच्या गणिताचा उपयोग केला आहे. राजांच्या वंशावळीचा वाद तिथी-वारांच्या हिशेबाने सुटला!

हेच दीक्षित ‘ज्योतिर्विलास’ नावाचे पुस्तकही लिहितात, आणि तेही सामान्य वाचकाला रात्रीच्या आकाशाची गोडी लागावी म्हणून. ज्या हाताने गुप्तकाल ठरवला त्याच हाताने मुलांना नक्षत्रे दाखवली. ही दोन कामे निराळी आहेत असे त्यांना वाटलेले दिसत नाही.

व्यंकटेश बापूजी केतकर हेही पेशाने शिक्षक. नव्या युरोपीय गणितावर आधारलेला ‘ज्योतिर्गणितम्’ हा ग्रंथ त्यांनी संस्कृतात रचला, कारण ज्यांना तो पटवायचा ते शास्त्री संस्कृत वाचणारे होते. इ. स. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे आणखी ग्रह असावेत असे मांडले. त्यांतील एकाचा प्रदक्षिणाकाल त्यांनी सुमारे २४२ वर्षे काढला होता. इ. स. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचा काल सुमारे २४८ वर्षे भरला. हे वाचून आपली छाती फुगते. पण येथे सत्याला धरूनच बोलले पाहिजे. त्या भाकिताची बैठक आजच्या शास्त्राला मान्य होणारी नाही, आणि प्लूटोशी जमलेला मेळ हा योगायोगच मानावा लागतो. केतकरांची थोरवी त्या योगायोगावर अवलंबून नाही. विजापूर-बागलकोटकडचा एक शिक्षक फ्रेंच विद्वानांशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, यात ती आहे.

चौथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. इ. स. १९३० ते १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीस शाळेत शिकवीत. त्यांना ना प्रयोगशाळेची गरज, ना मोठ्या ग्रंथालयाची. कागद आणि पेन्सिल पुरे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तसेच करा : ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. आणखी एकदा : ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. कोणत्याही संख्येपासून निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत येथेच पोचाल. चौथीतल्या मुलाला करता यावा असा हा खेळ आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखला जातो. पण त्या काळी पुष्कळ पंडितांना तो पोरखेळ वाटला, आणि कापरेकरांना आपल्या पुस्तिका स्वतःच छापाव्या लागल्या. इ. स. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यावर त्यांची कीर्ती दूरवर पसरली. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

या चौघांना जोडणारा धागा कोणता? मला वाटते, दुसऱ्याला समजावून सांगण्याची जबाबदारी. वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला ‘हे असेच असते’ म्हणून सुटता येत नाही. समोरचा मुलगा ‘असे का?’ म्हणून विचारतो, आणि कित्येकदा त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच पुस्तकात नसते. संशोधनाचा उगम तेथे आहे.

तरीही या कथेवरून कोणी असा अर्थ काढू नये, की साधने नसली तरी गुणी माणसे मार्ग काढतातच, तेव्हा साधने कशाला द्या. चार जणांनी मार्ग काढला. किती जणांची वाट मध्येच बुजली याची गणती कोणी ठेवलेली नाही. इ. स. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने विज्ञानशिक्षणासाठी होमी भाभा केंद्र उघडले आणि त्या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोद्यासारख्या ठिकाणी शाळांतून काम केले. संशोधक आणि शाळा यांची फारकत मोडावी असा तो स्तुत्य प्रयत्न होता. पण संशोधक शाळेत गेला, एवढ्याने काम संपत नाही. शाळेतल्या शिक्षकालाही संशोधनासाठी सवड, पुस्तके आणि प्रतिष्ठा मिळाली पाहिजे.

आपल्या गावच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकाला आपण निकालाची टक्केवारी नेहमी विचारतो. सध्या आपण कोणता प्रश्न सोडवीत आहात, असेही एकदा विचारून पाहावे. हा प्रश्न विचारणारा समाज असेल, तरच दीक्षितांना आणि कापरेकरांना वारस मिळतील.