तुरीतील मररोग-प्रतिकार

फ्युजेरियम उडम या जमिनीतील बुरशीला दाद न देण्याचा तुरीच्या वाणाचा आनुवंशिक गुण. वर्धा नदीकाठच्या पुलगाव परिसरात (ता. देवळी, जि. वर्धा) काळ्या जमिनीत कपाशी किंवा सोयाबीनमध्ये तुरीची तासे घेतात. या बुरशीमुळे होणारा मररोग आला की तिथे ‘तूर उबळली’ म्हणतात. बुरशीशास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी १९०६ मध्ये त्याचे वर्णन केले.

रोग दिसतो तो बहुधा पीक फुलोऱ्यात किंवा शेंगांवर असताना, म्हणजे खर्च होऊन गेल्यावर. बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा ही त्याची खूण. साल काढून खोड उभे चिरले की तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. त्या बुरशीने तुंबवलेल्या जलवाहिन्या होत. पाणी साचून सुकलेल्या झाडातही पाने मर लागल्यासारखीच माना टाकतात, म्हणून खोड चिरल्याशिवाय मर ठरवू नये. बुरशी धसकटांत सुमारे तीन वर्षे तग धरते आणि मुळांतून शिरते, त्यामुळे फवारणी व्यर्थ ठरते. ज्वारीच्या आंतरपिकाने मर कमी होते, पण वर्ध्यात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. उरतो भरवसा बियाण्याचा.

प्रतिकाराची परीक्षा मुद्दाम रोगट केलेल्या शेतात होते. मेलेल्या झाडांचे तुकडे मातीत मिसळून तिथे दरवर्षी तूरच पेरतात. मधूनमधून आयसीपी २३७६ हा हमखास बळी पडणारा वाण असतो. तोच जगला तर त्या हंगामाचे निष्कर्ष बाद समजावेत. काही संकरांत हा गुण एका प्रभावी जनुकाने उतरतो, काहींत दोन जनुके लागतात. हा फरक दाता वाणावर आणि बुरशीच्या स्थानिक प्रकारावरही अवलंबून असतो.

मराठवाड्यातील बदनापूरहून आलेल्या पी-१५-३-३ या वाणातून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने आयसीपी ८८६३ निवडला. कर्नाटकात १९८६ मध्ये तो ‘मारुती’ नावाने प्रसारित झाला. मर त्याने पचवली, पण कोळीमार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य वांझ रोगापुढे तो टिकला नाही. एका रोगावर मात म्हणजे सगळ्यांवर मात नव्हे, हे तिथे लख्ख दिसले. पुढे दोन्ही रोगांचा विचार झाला: सी-११ या वाणाच्या संकरातून ‘आशा’ (आयसीपीएल ८७११९), आणि बदनापूर संशोधन केंद्राचे तांबड्या दाण्याचा बीएसएमआर ७३६ व पांढऱ्या दाण्याचा बीएसएमआर ८५३ हे वाण. तुरीचा जनुकसंच २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तो आशाचाच.

तूर ही निखळ स्वपरागित नाही. मधमाश्या शेजारच्या धुऱ्यापलीकडचे पराग आणतात आणि घरच्या बियाण्यात प्रतिकारक्षम झाडांचे प्रमाण घटत जाते. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी प्रमाणित बियाणे घ्यावे लागते.