पेटीभरणाचा प्रश्न : करमरकरांची रीत आणि जनुकीय अल्गोरिदम

ठरावीक क्षमतेच्या कमीत कमी पेट्यांत सर्व वस्तू बसविणे, हा पेटीभरणाचा अर्थात बिन पॅकिंगचा प्रश्न होय. भंडाऱ्याची पितळी भांडी बाहेरगावी पाठविणाऱ्या व्यापाऱ्यासही तो परिचित आहे. नरेंद्र करमरकर हे १९८४ च्या लिनिअर प्रोग्रॅमिंगमधील संशोधनामुळे सर्वज्ञात आहेत. तथापि १९८२ मध्येच त्यांनी रिचर्ड कार्प यांच्यासह पेटीभरणाची रीत मांडली होती. किमान संख्येपेक्षा किती पेट्या अधिक लागू शकतील, याची सिद्ध मर्यादा ती देते.

जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या ग्रंथात विशद केलेला जनुकीय अल्गोरिदम निवड, संकर व उत्परिवर्तन यांद्वारे उत्तरे सुधारीत नेतो. मात्र प्रत्येक वस्तूस जनुक मानल्यास संकरात उत्तम भरलेली पेटी विस्कटते. म्हणून १९९० च्या दशकात इमॅन्युएल फाल्कनॉएर यांनी संपूर्ण पेटीलाच जनुक मानले. व्यवहारात उत्तरे चांगली मिळाली. हमी मात्र नव्हती. यास्तव अध्यापनात जनुकीय अल्गोरिदमसोबत करमरकरांची रीतही शिकविणे अगत्याचे ठरते.