पुण्याचा कारागीर आणि जबड्याचें हाड

दांत पडला कीं त्याच्याभोंवतालचें हाड झिजूं लागतें. ज्या हाडावर चावण्याचा भार पडत नाहीं, तें शरीर राखीत नाहीं. पहिल्या वर्षांतच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटूं शकते. मग टिटॅनियमचा खिळा रोवून त्यावर कृत्रिम दांत बसवावयाचा, तर खिळ्यास जागाच उरत नाहीं. अशा वेळीं दंतवैद्य जबड्याची अरुंद कड लांबीच्या दिशेनें चिरतो, तिची बाहेरची भिंत हलकेंच बाहेर झुकवितो आणि मधल्या फटींत हाडाचा चुरा भरतो. त्या भिंतीचें बूड मात्र तो तोडीत नाहीं. रक्तपुरवठा तुटला, तर हाड जगत नाहीं.

नाहूर-मुलुंडसारख्या उपनगरांतही आज होणारी ही शस्त्रक्रिया नवी असली, तरी तिच्यांतलें हें पथ्य जुनें आहे. आणि त्याचा एक प्रसिद्ध दाखला पुण्याजवळचा आहे.

इंग्रजी फौजेंत बैल हांकणारा कावसजी १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात छाटण्यांत आले. तें विद्रूप तोंड घेऊन तो सुमारें वर्षभर वावरला. मग विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक दिलें. मुंबई इलाख्यांतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया डोळ्यांनीं पाहिली होती.

मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घ्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व कडेनें रेघ ओढावयाची. तेवढी कातडी सोडवावयाची; पण दोन्ही डोळ्यांच्या मधला अरुंद दुवा तसाच राखावयाचा. त्यांतूनच नव्या नाकास रक्त मिळे. कातडीला अर्धा वेढा देऊन ती खुंटाभोंवतीं पाडलेल्या खांचेंत बसवीत व वर ओल्या काथाच्या पट्ट्या ठेवीत. चार दिवसांनीं काथाच्या जागीं तूप येई. सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नाक सांधल्यावर, तो दुवा कापीत.

ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नें ऑक्टोबर १७९४ मध्यें छापली. जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्यानें शवांवर सराव करून १८१४ सालीं तीच क्रिया लंडनमध्यें केली व १८१६ सालीं तिजवर ग्रंथ लिहिला. कार्प्यूचें नांव राहिलें, कावसजीचेंही राहिलें. ज्याच्या हातून नाक घडलें, त्याचें नांव मात्र कोणीं टिपून ठेवलें नाहीं.

टिटॅनियम हाडांत घट्ट रुजतें हें स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांस १९५२ सालीं सशांवरील प्रयोगांत आढळलें. १९६५ सालीं त्यांनीं मनुष्याच्या जबड्यांत असे खिळे बसविले. पुढें अरुंद जबडा रुंद करण्याची युक्ति निघाली, तींतही नियम तोच पाळला जातो: जो भाग हलवावयाचा, त्याचा शरीराशीं एक दुवा राखावयाचा. पुण्याच्या त्या अनामिक कारागिराला तो ठाऊक होता.